चित्रांना जीव कसा आला?

एखादा मनुष्य अगदीं निश्चल उभा राहिला म्हणजे आपण म्हणतों कीं, तो चित्रासारखा उभा राहिला. ‘चित्रवत्’ हा संस्कृतांतून आलेला शब्दही आपण ह्याच अर्थानें वापरतों. चित्र म्हणजे न हालणारी वस्तु, ही समजूत भाषेच्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिच्याविषयीं शंका घ्यावी असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. परंतु सव्वाशें वर्षांमागें फ्रान्स आणि अमेरिका ह्या देशांतील कांहीं चित्रकारांनीं ती शंका घेतली. फळ्यावर खडूनें काढलेला चेहरा डोळे फिरवूं लागला. कागदावरचें जनावर आपल्या कर्त्याच्या आज्ञा पाळूं लागलें, आणि थोड्याच वेळांत त्या मोडूंही लागलें. ह्या आरंभीच्या कार्टून-चित्रपटांसंबंधानें आज दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. चित्र हालतें कसें, हा पहिला प्रश्न. आणि हालणारें चित्र जिवंत केव्हां वाटतें, हा दुसरा. पुष्कळांना हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. त्यांच्यामधील अंतर किती मोठें आहे आणि तें तोडावयाला किती श्रम पडले, हें समजल्यावांचून ह्या कलेची खरी किंमत कळणार नाहीं.

प्रथम हालचालीचें रहस्य पाहूं. शाळेंत मागच्या बांकावर बसणारीं मुलें पाठ्यपुस्तकाच्या कोपऱ्यांवर एक उद्योग करीत असतात. तो कोणत्याही शिक्षकाच्या परिचयाचा असतो. पहिल्या पानाच्या कोपऱ्यांत हात खालीं सोडलेला माणूस काढावयाचा. दुसऱ्या पानावर तोच माणूस, पण हात किंचित् वर. तिसऱ्यावर आणखी वर. अशीं वीस-पंचवीस पानें भरलीं म्हणजे अंगठ्यानें तीं भराभर सोडावयाचीं, कीं तो माणूस हात उचलून नमस्कार करतो. कार्टून-चित्रपटाचें सगळें तत्त्व ह्या कोपऱ्यांत सांठविलेलें आहे. पुढें जीं यंत्रें निघालीं त्यांनीं पानें सोडणाऱ्या अंगठ्याची जागा घेतली, इतकेंच.

त्या यंत्रांचा आरंभ १८३२ सालीं झाला. बेल्जियममधील शास्त्रज्ञ जोझेफ प्लातो ह्यानें एक तबकडी तयार केली. तिच्या कडेनें क्रमानें बदलत जाणारीं चित्रें असत आणि मधून मधून अरुंद फटी असत. तबकडी आरशासमोर धरून फिरवावयाची आणि फटींतून आरशांत पाहावयाचें. म्हणजे तिच्यावरची आकृति नाचतांना दिसे. असें कां दिसतें, ह्याचें उत्तर जुन्या पुस्तकांत असें दिलेलें असे कीं, डोळ्यांत प्रतिमा क्षणभर रेंगाळते आणि तेवढ्यांत दुसरी येऊन तिला मिळते. हें उत्तर अपुरें आहे. प्रतिमा नुसती रेंगाळली असती तर दोन चित्रें एकमेकांवर पडून माणसाला दोन हात जास्त फुटलेले दिसले असते. एकच हात वर जातांना दिसला नसता. १९१२ सालीं माक्स व्हेर्टहायमर ह्या मानसशास्त्रज्ञानें आपले प्रयोग प्रसिद्ध केले. दोन जवळजवळच्या जागीं एकामागून एक दिसलेल्या वस्तूंची सांगड मनच घालतें आणि त्यांच्यामधील गति कल्पितें, असें त्या प्रयोगांपासून दिसून आलें. सारांश, चित्रकार काढतो त्या केवळ स्थिर अवस्था. दोन अवस्थांमधील गति पाहणारा आपल्या पदरची घालतो. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढच्या प्रश्नाचें उत्तरही तिच्याच आश्रयानें मिळणार आहे.

छायाचित्रांचा चित्रपट जन्माला येण्यापूर्वींच हातानें काढलेलीं चित्रें पडद्यावर हालूं लागलीं होतीं, हें सांगितलें तर पुष्कळांना नवल वाटेल. ल्यूमिएर बंधूंनीं पॅरिसमध्यें पैसे घेऊन पहिला खेळ दाखविला तो १८९५ सालच्या डिसेंबरांत. त्याच्या तीन वर्षें आधीं, १८९२ सालच्या आक्टोबरांत, त्याच पॅरिसमधील एका मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयांत एमिल रेनो ह्या गृहस्थानें आपलें प्रकाश-नाट्यगृह सुरू केलें. पारदर्शक तुकड्यांवर एक एक चित्र हातानें रंगवावयाचें, ते तुकडे जोडून लांब पट्टी करावयाची, आणि दिवा व आरसे ह्यांच्या साहाय्यानें ती पडद्यावर पाडावयाची, अशी त्याची रीत होती. एका विदूषकाच्या फसलेल्या प्रेमाच्या लहानशा खेळाला सुमारें ५०० चित्रें लागलीं. पट्टी फिरविणारा स्वतः रेनोच. एखाद्या प्रसंगाला प्रेक्षक हंसले कीं तो पट्टी मागें घेऊन तोच प्रसंग पुन्हां दाखवी. हे खेळ १९०० सालापर्यंत चालले आणि सुमारें पांच लाख लोकांनीं ते पाहिले. पुढें सिनेमाच्या लाटेंत रेनो मागें पडला, आणि निराशेच्या भरांत त्यानें आपल्या बहुतेक पट्ट्या सेन नदींत फेंकून दिल्या. १९१८ सालीं तो वारला. ह्या कलेच्या इतिहासांत ज्यांनीं हातांनीं पेरलें त्यांच्या पदरांत पीक फारसें पडलें नाहीं, ह्याचें हें पहिलें उदाहरण होय.

आतां अमेरिकेकडे वळूं. तेथील नाटकगृहांत त्या काळीं झटपट चित्रें काढून दाखविण्याचा एक खेळ लोकप्रिय होता. चित्रकार रंगभूमीवर येई, मोठ्या कागदावर चार रेघा ओढी आणि पाहतां पाहतां एखादा चेहरा उभा करी. जेम्स स्टुअर्ट ब्लॅक्टन हा असाच एक चित्रकार. १९०० सालीं प्रकाशित झालेल्या ‘द एन्चांटेड ड्रॉइंग’ ह्या त्याच्या छोट्या चित्रपटांत तो कागदावर एका म्हाताऱ्याचें तोंड काढतो, शेजारीं दारूची बाटली आणि पेला काढतो, आणि मग हात घालून ती बाटली कागदांतून उचलतो. ती खरी बाटली असते! ती गेलेली पाहून कागदावरचें तोंड आंबट होतें. घोटभर दिल्यावर पुन्हां खुलतें. युक्ति अगदीं साधी होती. कॅमेरा मध्येंच थांबवावयाचा, ब्लॅक्टननें हात जागच्या जागीं धरून उभें राहावयाचें, चित्राच्या जागीं खरी वस्तु आणावयाची आणि कॅमेरा पुन्हां चालू करावयाचा. प्रेक्षकाला थांबल्याचा पत्ता लागत नाहीं.

परंतु एवढ्यानें चित्र बदललें, हाललें नाहीं. त्यासाठीं कॅमेरा एकदोनदां थांबवून भागत नाहीं, तो प्रत्येक चित्रानंतर थांबवावा लागतो. एक रेघ बदलावयाची, एक छायाचित्र घ्यावयाचें. पुन्हां रेघ, पुन्हां छायाचित्र. मूकपटांच्या काळीं एका सेकंदाला साधारणपणें १६ चित्रें पडद्यावरून सरकत. म्हणजे मिनिटभराच्या खेळाला ९६० चित्रें झालीं. १९०६ सालीं ब्लॅक्टननें ह्या रीतीनें काळ्या फळ्यावर खडूचे चेहरे हालविले. एक पुरुष चिरूट ओढून धूर सोडतो आणि शेजारच्या बाईचा चेहरा त्या धुरांत दिसेनासा होतो, एवढाच त्यांतला विनोद. पण तो पाहावयास लोक गर्दी करीत.

हीच एकेक चित्र थांबून घेण्याची युक्ति आपल्याकडे दादासाहेब फाळके ह्यांनीं फार लवकर ओळखली होती. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ सालीं लोकांपुढें आला. त्याच्या आधीं भांडवल मिळविण्यासाठीं दादासाहेबांनीं कुंडींत वाटाणा पेरून, त्याच्या वाढीचीं छायाचित्रें दिवसानुदिवस घेऊन, अंकुरापासून वेलापर्यंतची सगळी वाढ मिनिटां-दोन मिनिटांत पडद्यावर दाखविली. पुढें १९१५ सालीं ‘आगकाड्यांची मौज’ ह्या छोट्या पटांत त्यांनीं आगकाड्यांना नाना आकार घ्यावयास लावलें. खडू असो, वेल असो कीं आगकाडी असो, तत्त्व तेंच.

फ्रान्समध्यें हें तत्त्व एमिल कोल ह्यानें उचललें. कोल हा व्यंगचित्रकार. सिनेमाच्या धंद्यांत शिरला तेव्हां पन्नाशी गांठलेला. १९०८ सालच्या आगस्टांत पॅरिसमध्यें दाखविला गेलेला त्याचा ‘फांतास्मागोरी’ हा चित्रपट उणापुरा दीड मिनिटाचा आहे. त्यासाठीं त्यानें सुमारें ७०० चित्रें काढलीं आणि प्रत्येकाचें छायाचित्र दोनदां घेतलें. त्यामुळें श्रम निम्मे झाले. खालून उजेड असलेल्या कांचेवर कागद ठेवून, आधींच्या चित्रावरून पुढचें चित्र थोडा फरक करून तो गिरवीत असे. पांढऱ्या कागदावर काळी रेघ काढावयाची आणि फिल्म उलट्या रंगांत छापावयाची, म्हणजे काळ्या फळ्यावर खडूनें काढल्यासारखें दिसतें. त्यांत चित्रकाराचा खरा हात येऊन एक काडीसारखा विदूषक काढतो. मग सुरू होतो रूपांतरांचा नुसता पूर. एकाचें दुसरें, दुसऱ्याचें तिसरें. बाटलीचें फूल होतें आणि हत्तीचें घर होतें. शेवटीं विदूषक उंचावरून पडून मोडतो, तेव्हां तोच खरा हात पुन्हां येतो आणि त्याला सांधतो.

हा हात आपण विसरूं नये. पहिल्या पिढीच्या बहुतेक कार्टूनांत चित्रकार स्वतः दिसतो. त्याचा हात, त्याचा खडू, त्याची शाईची दौत दिसते. त्याचें कारण उघड आहे. हें केवळ चित्र आहे, हें प्रेक्षकाला आधीं पटलें पाहिजे. तरच तें हालण्यांत नवल. मूर्तिकार शाडूची मूर्ति घडवितांना आपण पाहिलेला असतो, आणि म्हणूनच प्राणप्रतिष्ठेचा विधि आपल्याला अर्थपूर्ण वाटतो. तसाच हा प्रकार.

पण कोलच्या विदूषकाकडे पाहून आपणांस त्याची कींव येत नाहीं. तो मोडला तरी आपल्याला कांहीं होत नाहीं. तो हालतो, परंतु त्याला कांहीं हवें आहे असें वाटत नाहीं. येथेंच आपला दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचें उत्तर विन्सर मॅके ह्या अमेरिकन चित्रकारानें दिलें.

मॅके हा वर्तमानपत्रांतील चित्रमालिकांबद्दल नांवाजलेला. १९११ सालीं त्यानें आपल्याच एका चित्रमालिकेंतील पात्रें पडद्यावर आणलीं. ह्या पटाच्या आरंभीं त्याचे मित्र त्याला हंसतात, आणि तो महिन्याच्या आंत ४,००० चित्रें काढण्याची पैज मारतो, असा प्रसंग आहे. शाईचीं पिंपें आणि कागदाचे गठ्ठे हमाल वाहून आणतांना त्यांत दाखविले आहेत. विनोद असला तरी कामाचा बोजा त्यांतून बरोबर समजतो. त्याच्या हालचाली इतक्या सफाईदार होत्या कीं, पात्रांच्या जागीं खरीं माणसें उभीं करून छायाचित्रें घेतलीं असावींत, असा कित्येकांचा ग्रह झाला. म्हणून पुढें त्यानें असा प्राणी निवडला कीं, ज्याचें छायाचित्र घेतां येणेंच शक्य नाहीं. कोट्यवधि वर्षांपूर्वीं नाहींसा झालेला प्रचंड डायनोसोर! त्याचें नांव गर्टी.

१९१४ सालच्या फेब्रुवारींत शिकागोच्या एका नाट्यगृहांत गर्टी प्रथम लोकांपुढें आली. पडद्याच्या शेजारीं मॅके स्वतः हातांत चाबूक घेऊन उभा राही आणि सर्कशींतील शिक्षकाप्रमाणें तिला हांका मारी. ती खडकाआडून लाजत डोकावे. बाहेर ये म्हटलें कीं येई; पण येतां येतां वाटेंत एक झाड खाऊन टाकी. नमस्कार कर म्हटलें कीं मान लववी. हा पाय उचल, तो पाय उचल, असें दोनतीनदां झालें कीं ती वैतागून मॅकेच्या अंगावर धांवे. तो रागावला कीं लहान मुलासारखी ढळढळां रडे! मॅके फळ फेंकल्याचा अभिनय करी आणि पडद्यावरची गर्टी तें तोंडांत झेली. तहान लागली म्हणजे सगळें तळें पिऊन टाकी. शेवटीं मॅके पडद्याआड जाई आणि त्याच क्षणीं चित्रांतला छोटा मॅके पडद्यावर प्रगट होऊन तिच्या पाठीवर बसून निघून जाई. आरंभीच्या चित्रपटांत चित्रांतली वस्तु माणसाच्या जगांत आली होती. येथें माणूसच चित्राच्या जगांत गेला.

गर्टीला जीव कशानें आला? ती चालते म्हणून नव्हे. चालणारीं चित्रें लोकांनीं पूर्वीं पाहिलीं होतीं. ती आज्ञा ऐकते आणि पाळण्यापूर्वीं क्षणभर थांबते. त्या थांबण्यांत ती विचार करीत आहे असें वाटतें. तिला भूक आहे, राग आहे, मानापमान आहे. मघाशीं आपण पाहिलें कीं, दोन चित्रांमधील गति प्रेक्षकाचें मन पुरवितें. त्याचप्रमाणें आज्ञा आणि कृति ह्यांच्यामध्यें चित्रकारानें जागा ठेवली, तर तीत मन कल्पिण्याचें कामही प्रेक्षकच करतो. हट्ट करणाऱ्या मुलाला हट्टामागचें मन असतें, हें आपण घरोघर पाहतों; गर्टीनें पाय उचलण्याचें नाकारलें आणि त्या क्षणीं लोकांनीं तिला मन देऊन टाकलें.

आतां ह्या क्षणाचें मोल पाहा. मॅकेनें आपल्या चित्रांची संख्या १०,००० सांगितली आहे. प्रत्येक कागदावर गर्टी तर काढावयाचीच, पण मागचे डोंगर, खडक आणि तळेंही प्रत्येक वेळीं नव्यानें काढावयाचें. हें दुसरें काम जॉन फिट्झसिमन्स ह्या तरुण मदतनिसानें केलें. पातळ कागदावर कोपऱ्यांतील फुल्या जुळवून तोच डोंगर त्यानें हजारों वेळां गिरविला. रेघ केसभर चुकली तर पडद्यावर डोंगर थरथरे. आजही तो चित्रपट पाहतांना ती थरथर दिसते. गर्टीचें पोट श्वासानें वरखालीं व्हावें म्हणून मॅकेनें स्वतःचा श्वास घड्याळावर मोजला होता. म्हणजे शब्दशः आपलाच श्वास त्यानें तिला दिला.

एवढे श्रम करून धंदा चालणें शक्य नव्हतें. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्यें त्यावर तोडगे निघाले. राऊल बारे ह्यानें कागदांना भोंकें पाडून ते खुंट्यांवर बसविले, म्हणजे फुल्या जुळविण्याचा त्रास वांचला. अर्ल हर्ड ह्यानें पात्रें पारदर्शक सेल्युलॉइडवर काढून तीं एकाच रंगविलेल्या देखाव्यावर ठेवण्याची पद्धत शोधली आणि १९१५ सालीं तिचें पेटंट मिळविलें. डोंगर एकदांच काढावयाचा. हजारों वेळां गिरविण्याचें काम संपलें. जॉन ब्रे ह्यानें हीं पेटंटें एकत्र करून कारखान्याच्या धर्तीवर काम चालविलें. एकानें मुख्य अवस्था काढाव्या, दुसऱ्यानें मधल्या भराव्या, तिसऱ्यानें शाई फिरवावी. मॅकेनें आपल्या युक्त्यांचें पेटंट घेतलेंच नव्हतें. १९२७ च्या सुमारास एका भोजनसमारंभांत त्यानें तरुण चित्रकारांना तोंडावर सुनावलें कीं, आपण ही कला म्हणून जोपासली आणि तुम्हीं तिचा धंदा केलात, असें सांगतात. त्याचें दुःख खरें होतें. परंतु कारखाना निघाला नसता तर ही कला चारदोन हौशी माणसांबरोबरच संपली असती, हेंही तितकेंच खरें आहे.

कारखान्यांतही जीव ओतणारे निघाले. मॅक्स फ्लायशर ह्यानें रोटोस्कोप नांवाचें यंत्र शोधलें. खऱ्या माणसाचें चलच्चित्र एकेक करून कांचेवर पाडावयाचें आणि त्यावरून आकृति गिरवावयाची. त्याचें पेटंट त्याला १९१७ सालीं मिळालें. त्याचा भाऊ डेव्ह विदूषकाचा पोशाख करून नाचला आणि त्यावरून पुढें कोको ह्या नांवानें प्रसिद्ध झालेला विदूषक तयार झाला. १९१८ पासून निघालेल्या ‘आउट ऑफ द इंकवेल’ ह्या मालेंत तो फ्लायशरच्या मेजावरील दौतींतून बाहेर येतो, धन्याला नाना प्रकारें छळतो आणि बहुधा शेवटीं पुन्हां दौतींत जातो. त्याची चाल यंत्रानें दिली हें खरें. पण लोकांना तो आवडला तो त्याच्या खोड्यांमुळें. १९१९ सालीं आलेल्या फेलिक्स मांजराला तर असें यंत्रही लाभलें नव्हतें. विचार पडला कीं तो हात मागें बांधून येरझारा घालतो, आणि मग आपलें शेपूट काढून त्याचीच काठी किंवा आंकडा करतो. विचार करणारें पात्र प्रेक्षकाला आपलेंसें वाटतें, हाच त्यांतला धडा. १९२८ सालीं वॉल्ट डिस्ने ह्याचा मिकी उंदीर आवाजासह पडद्यावर आला, तोंवर चित्रकाराचा हात बहुतेक अदृश्य होत आला होता. चित्र जिवंत असतें हें लोकांना आतां पटवून द्यावें लागत नव्हतें.

ह्या सामर्थ्याचा उपयोग केवळ हंसविण्याकडे झाला असें मात्र समजूं नये. १९१५ सालच्या मे महिन्यांत जर्मन पाणबुडीनें लुसिटानिया ही उतारूंची बोट बुडविली आणि सुमारें १,२०० माणसें प्राणांस मुकलीं. तेथें कोणाचा कॅमेरा नव्हता. मॅकेनें जवळजवळ दोन वर्षें खपून सुमारें २५,००० चित्रांचा चित्रपट केला आणि १९१८ सालीं तो लोकांपुढें ठेवला. ह्या वेळीं त्यानें सेल्युलॉइडच वापरलें. शेवटीं एक आई तान्हें मूल हातांनीं वर धरून पाण्याखालीं जाते. गर्टीला रडविणारा हात तोच. पण येथें चित्रानें साक्षीदाराचें काम केलें.

‘गर्टी’ १९९१ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदींत जतन करण्यासाठीं निवडली गेली. ती आणि तिच्या बरोबरचे बहुतेक पट आज घरबसल्या विनामूल्य पाहतां येतात. प्रत्येक पट थोड्याच मिनिटांचा. घरांतील मुलांना ते दाखवावे, आणि दुसऱ्यांदा पाहतांना मधून मधून थांबवून दाखवावे, म्हणजे स्थिर चित्र तें काय आणि त्यांत आपण घालतों तें काय, हें त्यांच्या ध्यानांत येईल. त्यानंतर एखाद्या जुन्या वहीचे कोपरे त्यांच्या स्वाधीन करावे. माणूस चालवून दाखविला तर शाबासकी द्यावी; आणि चालतां चालतां तो क्षणभर थांबून मागें वळून पाहूं लागला, तर त्या मुलाला नवी वही आणून द्यावी.